नीव्हिसला जायचे असेल तर मुक्कामालाच जा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पहिल्या वेळी आम्ही कॅरिबियनमधील नीव्हिस बेटावर सकाळच्या बोटीने गेलो आणि संध्याकाळच्या बोटीने सेंट किट्सला परतलो. त्या सहा तासांत एक समुद्रकिनारा, एक जेवण आणि टॅक्सीच्या खिडकीतून दिसलेले काही पडके दगडी मनोरे एवढेच पदरात पडले. बेटावर पाहण्यासारखे विशेष काही नाही, असा समज घेऊन आम्ही परतलो. दोन वर्षांनी पाच रात्रींचा मुक्काम केला, तेव्हा तो समज किती चुकीचा होता हे कळले, कारण ज्या वाळूवर आम्ही पहिल्या वेळी पाय पसरून बसलो होतो तिच्या नावातच बेटाचा निम्मा इतिहास दडलेला होता. दोन्ही फेऱ्यांत आमचा जो वेळ आणि पैसा वाया गेला तो आपला जाऊ नये, यासाठी ही माहिती क्रमवार देत आहे.

१. आपण कुठे जात आहोत हे आधी नीट समजून घ्या

उच्चार ‘नेव्हिस’ असा नसून ‘नीव्हिस’ असा आहे. सेंट किट्स आणि नीव्हिस ही दोन बेटे मिळून एक देश होतो आणि तो १९ सप्टेंबर १९८३ रोजी ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. राजधानी बास्तेर सेंट किट्सवर आहे. नीव्हिसचे मुख्य गाव चार्ल्सटाउन असून बेटाला स्वतःची विधानसभा आहे. १९९८ मध्ये वेगळे व्हायचे की नाही यावर नीव्हिसमध्ये मतदान झाले. बहुमत वेगळे होण्याच्या बाजूने होते, पण लागणारी दोन तृतीयांश मते पडली नाहीत. त्यामुळे नीव्हिसकराला ‘तुम्ही सेंट किट्सचे ना?’ असे विचारू नये, हा माझा पहिला सल्ला.

बेटाचे क्षेत्रफळ ९३ चौरस किलोमीटर आहे आणि मधोमध ९८५ मीटर उंचीचा ज्वालामुखीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर बहुतेक वेळ पांढरे ढग बसलेले असतात. स्पॅनिश दर्यावर्दींना ते बर्फासारखे वाटले, म्हणून ‘हिमाची माता’ या अर्थाचे नाव पडले आणि त्याचेच पुढे नीव्हिस झाले. मूळ रहिवाशांच्या भाषेतले नाव मात्र ‘वाली’. ते आज एका उपसागराच्या नावात उरले आहे. किष्किंधेशी त्याचा काही संबंध नाही, पण मराठी कानाला ते चटकन लक्षात राहते.

२. महिना ठरवा, मग तिकीट पाहा

डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम असतो आणि याच काळात राहण्याचे दर सर्वांत चढे असतात. चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर असा असून त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा भाग टाळावा, कारण तेव्हा अनेक छोटी हॉटेले आणि खाणावळी स्वतःहून बंद असतात. मे आणि जून हे दोन महिने मला सर्वांत सोयीचे वाटले. गर्दी नसते, दर उतरलेले असतात आणि आंब्याला सुरुवात झालेली असते.

बेट गजबजलेले पाहायचे असेल तर जुलैच्या अखेरीस जावे. ‘कल्चरामा’ हा उत्सव १९७४ पासून गुलामगिरीच्या अंताच्या स्मरणाशी जोडून साजरा होतो आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या सुमारास तो शिगेला पोहोचतो. मात्र शांततेसाठी जाणार असाल तर नेमका हाच आठवडा चुकवावा.

३. कागदपत्रे: खरी अडचण बेटाची नसून वाटेची आहे

भारतातून थेट विमान नाही. प्रवास साधारणपणे लंडन किंवा अमेरिकेतील एखाद्या शहरावरून, बहुधा मायामीवरून, होतो आणि विमान सेंट किट्सच्या रॉबर्ट ब्रॅडशॉ विमानतळावर उतरते. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांचा बेत इथेच कोसळला, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

अमेरिकेत विमान बदलताना तेथील इमिग्रेशनमधून जावेच लागते. केवळ तीन तास थांबायचे असले तरी भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेचा वैध व्हिसा लागतो. लंडनचा प्रश्न वेगळा आहे. मुंबईची विमाने हीथ्रोला उतरतात, तर कॅरिबियनकडे जाणारी बरीच विमाने गॅटविकहून सुटतात. दोन विमानतळांमधला प्रवास रस्त्याने होत असल्यामुळे आपण ब्रिटनमध्ये प्रवेश करता आणि त्यासाठी योग्य तो ब्रिटिश व्हिसा हवा. तिकिटे विकणारी संकेतस्थळे अशी जोडणी बिनदिक्कत दाखवतात आणि ‘विमानतळ बदल’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात.

सेंट किट्स आणि नीव्हिसच्या प्रवेशाचे नियम, आगाऊ ऑनलाइन परवानगी आणि प्रवेशाचा अर्ज या बाबी सरकार वेळोवेळी बदलत असते. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी, आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. दलालाच्या फोनवरील आश्वासनावर विसंबू नये.

हाताशी ठेवायची कागदपत्रे अशी:

- किमान सहा महिने वैधता उरलेला पासपोर्ट
- वाटेतील देशाचा व्हिसा
- परतीचे तिकीट आणि सर्व रात्रींच्या मुक्कामाचे आरक्षण, छापील स्वरूपात
- बँकेचे अलीकडचे विवरणपत्र
- प्रवास विमा. त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च समाविष्ट असावा
- मूळ वाहन परवाना, गाडी चालवणार असाल तर
- चालू असलेल्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी

विम्याबद्दलचा आग्रह उगाच नाही. चार्ल्सटाउनमध्ये अलेक्झांड्रा हॉस्पिटल आहे, परंतु छोट्या बेटावरील रुग्णालयाच्या मर्यादा त्यालाही आहेत आणि गंभीर दुखण्यात रुग्णाला बाहेर न्यावे लागू शकते. शिवाय याच सहलीला त्रिनिदाद किंवा गयाना जोडणार असाल, तर निघण्यापूर्वी किमान दहा दिवस पीतज्वराची लस घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. तसे न केल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणाची वेळ येऊ शकते.

४. शेवटचा टप्पा: सामुद्रधुनी ओलांडणे

दोन बेटांमधील सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे तीन किलोमीटर आहे आणि ती ओलांडण्याचे तीन मार्ग आहेत. बास्तेरहून चार्ल्सटाउनला जाणाऱ्या प्रवासी बोटीला साधारण पाऊण तास लागतो आणि हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. सेंट किट्सच्या दक्षिण टोकावरून छोटी वॉटर टॅक्सी दहा मिनिटांच्या आत वाली उपसागरात पोहोचवते, पण ती आधी ठरवावी लागते आणि विमानतळावरून त्या टोकापर्यंतचे टॅक्सीभाडे वेगळे पडते. तिसरा मार्ग म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट. सेंट किट्सवरच गाडी भाड्याने घेतली असेल तरच तिचा उपयोग.

बोटींचे वेळापत्रक रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी विरळ असते. आमचे विमान रविवारी दुपारी उतरले, इंटरनेटवर दिसलेली चारची बोट प्रत्यक्षात नव्हतीच आणि ती रात्र बास्तेरमध्ये काढून नीव्हिसच्या खोलीचे पैसेही भरावे लागले. ज्या घरी उतरणार आहात त्या घरमालकाला आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारावी. बेटावर हेच सर्वांत खात्रीचे वेळापत्रक असते.

बोटीत गर्दी दिसली तर पुढच्या बोटीने जावे. १ ऑगस्ट १९७० रोजी बास्तेरहून नीव्हिसला निघालेली ‘क्रिस्टीना’ ही सरकारी बोट क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी घेऊन बुडाली आणि २३३ माणसे गेली. एवढ्या छोट्या बेटांवर हा आकडा म्हणजे जवळपास प्रत्येक घरातले कोणीतरी. वयस्कर माणसे आजही त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

५. पैसे, गाडी आणि किरकोळ व्यवहार

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा त्याचा दर १९७६ पासून स्थिर आहे. अमेरिकी डॉलर सर्वत्र घेतात, आणि नेमका इथेच नवखा माणूस फसतो. ‘चाळीस डॉलर’ म्हटल्यावर कोणते डॉलर, हे गाडीत बसण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण दोन्हींत पावणेतीन पटींचा फरक आहे. बहुतेक वेळा समोरच्याच्या मनात फसवणूक नसते. तो आपल्या सवयीने बोलतो आणि आपण आपल्या सवयीने ऐकतो. छोट्या खाणावळींसाठी आणि बोटीसाठी रोख रक्कम ठेवावी, कारण कार्ड सगळीकडे चालत नाही.

वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याला अडचण येत नाही. मात्र भारतीय परवान्यावर स्थानिक तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि गाडी देणाराच तो शुल्क घेऊन मिळवून देतो. बेटाला वळसा घालणारा मुख्य रस्ता एकच असून त्याची लांबी साधारण ३४ किलोमीटर आहे. अंधार पडल्यावर शेळ्या, मेंढ्या आणि गाढवे रस्त्यावर निवांत बसलेली असतात, म्हणून रात्री गाडी हळू चालवावी. गाडी नको असेल तर खासगी मिनीबस मिळतात. उतरायचे ठिकाण आले की चालकाला मोठ्याने सांगायचे असते.

दुकानात किंवा बसमध्ये शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे आणि मग काम सांगावे. थेट ‘हे कितीला?’ असे विचारणे तिथे उद्धटपणाचे मानले जाते. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नये. लष्करी नक्षीचे कपडे घरीच ठेवावेत, कारण कॅरिबियनमधील अनेक देशांत नागरिकांनी ते घालणे हा गुन्हा आहे.

६. चार्ल्सटाउन: एक सकाळ पायी

सकाळी आठला निघून उन्हे चढण्यापूर्वी गाव पाहून होते. सुरुवात किनाऱ्यालगतच्या दगडी घरापासून करावी. अमेरिकेच्या घटनाकर्त्यांपैकी एक आणि त्या देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच जागी जन्मला असे मानले जाते. जन्मतारीख ११ जानेवारी, वर्ष मात्र १७५५ की १७५७ हा वाद मिटलेला नाही. मूळ घर एकोणिसाव्या शतकातील भूकंपात गेले आणि आजची वास्तू १९८३ मध्ये नव्याने उभारलेली आहे. हे ठाऊक असेल तर ‘जुने घर’ म्हणून फसल्यासारखे वाटणार नाही. तळमजल्यावर संग्रहालय आहे आणि वरच्या मजल्यावर नीव्हिसची विधानसभा भरते.

तिथून काही मिनिटांवर ज्यू दफनभूमी आहे. ब्राझीलमधून हुसकावले गेलेले सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, ज्यू सतराव्या शतकात साखरेच्या व्यापारासाठी इथे आले आणि हिब्रू, पोर्तुगीज व इंग्रजी अशा तीन भाषांतील त्यांच्या समाधिशिला गवतात आडव्या पडलेल्या दिसतात. फाटक लावलेले असले तरी बाहेरून पाहता येते. आम्ही तिथे अर्धा तास होतो आणि दुसरे कोणीही आले नाही.

आता बाजारपेठेत यावे. आज तिथे भाजी आणि मासळी मिळते, पण जानेवारी १८१० मध्ये एडवर्ड हगिन्स या मळेवाल्याने आपल्या वीसहून अधिक गुलाम स्त्री-पुरुषांना याच गावच्या बाजारात सर्वांदेखत चाबकाने फोडून काढले. खटला उभा राहिला आणि मळेवाल्यांनीच भरलेल्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. त्या बातमीने इंग्लंडमध्ये खळबळ माजली. गावात फिरताना हे माहीत असावे, कारण सुंदर रंगवलेल्या लाकडी सज्जांकडे पाहताना ते आपोआप सुचत नाही.

गावाच्या दक्षिणेला बाथ हॉटेलची १७७८ मधील इमारत आहे. गरम झऱ्यांच्या पाण्यासाठी युरोपातील श्रीमंत मंडळी अटलांटिक ओलांडून इथे येत असत. झऱ्याचे पाणी आजही वाहते, त्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ओढ्याकाठच्या कुंडांत गावातली माणसे संध्याकाळी पाय सोडून बसतात. वज्रेश्वरीच्या कुंडांची सवय असणाऱ्याने तरी घाई करू नये, आधी पावले बुडवून पाहावीत. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसल्यास चक्कर येऊ शकते.

जाता जाता एलक्वेमेडो विलेट पार्क हे क्रिकेटचे मैदान पाहावे. विलेट हा वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळलेला पहिला नीव्हिसकर. त्याच्यामागून या चिमुकल्या बेटाने डेरिक पॅरी, कीथ आर्थरटन, स्टुअर्ट विल्यम्स आणि रुनाको मॉर्टन असे खेळाडू दिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकरच्या अखेरच्या कसोटीत ख्रिस गेलबरोबर सलामीला आलेला कायरन पॉवेल चार्ल्सटाउनचाच. मी ही गोष्ट एका टॅक्सीचालकाला सांगितली, तेव्हा त्याने ठरलेल्या भाड्यात अर्ध्या बेटाची वाट वाकडी करून मला आणखी दोन मैदाने दाखवली.

७. बेटाची फेरी: एक पूर्ण दिवस

घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे चार्ल्सटाउनहून दक्षिणेकडे निघावे. फिग ट्री गावच्या सेंट जॉन चर्चमध्ये, पुढे ब्रिटनचा विख्यात नौसेनानी झालेल्या होरेशिओ नेल्सनच्या विवाहाची नोंद जपलेली आहे. ११ मार्च १७८७ रोजी ‘बोरियस’ या युद्धनौकेचा हा तरुण कप्तान फॅनी निस्बेट या विधवेशी माँटपेलियर मळ्यावर विवाहबद्ध झाला आणि पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राने कन्यादान केले. प्रत्यक्ष विवाह चर्चमध्ये झाला नव्हता, हे वाटाडे कधीकधी सांगत नाहीत.

पूर्व किनाऱ्याकडे न्यू रिव्हर येथे साखर कारखान्याचे अवशेष आहेत. वाफेवर चालणारी गंजलेली यंत्रे, दातेरी चक्रे आणि काहिलींची जागा अजून ओळखू येते. ज्याने लहानपणी गावाकडे उसाचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला हे सगळे समजावून सांगावे लागत नाही. चरक, काहील आणि रसाचे पाट ही मांडणी तीच. फरक माणसांच्या मालकीचा. पहिल्या फेरीत टॅक्सीतून मला दिसलेले दगडी मनोरे हे ऊस पिळण्याच्या पवनचक्क्यांचे बुंधे होते, हे इथेच कळले.

गुलामगिरी संपल्यावर मजुरांची टंचाई झाली आणि १८७४ मध्ये ‘सीरिया’ जहाजातून तीनशेच्या आसपास भारतीय करारबद्ध मजूर नीव्हिसला आणले गेले. त्रिनिदादसारखा त्यांचा वेगळा समाज इथे टिकला नाही. एखाद्या नावात किंवा रोटीसारख्या पदार्थात तो भेटला तर भेटतो.

उत्तरेला झाडीत कॉटल चर्चचे छत नसलेले अवशेष आहेत. जॉन कॉटल या मळेवाल्याने १८२४ मध्ये ते बांधले, ते आपल्या कुटुंबाने आणि आपल्या गुलामांनी एकत्र प्रार्थना करावी म्हणून. कॉटलला उदार म्हणावे की त्याच्याकडे गुलाम होते हेच लक्षात ठेवावे, यावर आमच्या दोघांत परतीच्या वाटेवर चांगलेच वाजले.

डोंगरमाथ्यावर जायचे असल्यास स्थानिक वाटाड्या घ्यावाच. वाट चिखलाची आहे, जागोजागी दोर धरून मुळांवरून चढावे लागते आणि जाऊन-येऊन चार-पाच तास लागतात. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केली असेल तरी एकट्याने जाण्याचे धाडस करू नये, कारण वर ढगात वाट दिसेनाशी होते.

८. किनारे: कुठे पोहावे, कुठे फक्त बसावे

पश्चिमेचा पिनीज बीच सर्वांत लांब, जवळजवळ पाच किलोमीटर. वाळू पांढरीशुभ्र नसून करडट सोनेरी आहे आणि पाणी बहुतेक वेळ संथ असते. हे नाव पिनी या मळेवाल्या घराण्याचे. जॉन पिनीने १७६५ मध्ये पेरो नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्याच्या दोन बहिणींसह विकत घेतला आणि १७८३ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला परतताना त्याला नोकर म्हणून सोबत नेले. ब्रिस्टॉल शहरात बंदरावरच्या एका पादचारी पुलाला आज पेरोचे नाव आहे, तर नीव्हिसच्या वाळूला मालकाचे. मुक्कामी राहण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे, कारण सहा तासांत ही वाळू फक्त वाळू राहते.

लहान मुले बरोबर असतील तर वाली बीच उत्तम, कारण तो उथळ आणि आडोशाचा आहे. पूर्वेकडील वाऱ्याच्या बाजूचे किनारे देखणे असले तरी तिथे लाटा आणि प्रवाह जोरदार असतात, म्हणून तिथे पोहू नये. सर्व किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलच्या खुर्च्यांचे भाडे द्यावे लागेल, वाळूचे नाही.

किनाऱ्यावरील दोन धोके लक्षात ठेवावेत. मँचिनील नावाच्या झाडाला छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळे येतात. फळ विषारी असते, चीक त्वचेवर फोड आणतो आणि पावसात त्या झाडाखाली उभे राहिले तरी अंगावर ठिबकणारे पाणी भाजते. अनोळखी झाडाला हात लावू नये आणि मुलांना खाली पडलेली फळे उचलू देऊ नयेत. दुसरा उपद्रव सूर्यास्ताच्या वेळी चावणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिलटांचा. पायाला लावायचे मलम घरूनच न्यावे.

खोलीच्या गॅलरीत फळे ठेवू नयेत. आफ्रिकेतून आलेल्या माकडांचे वंशज बेटभर आहेत आणि ते आपल्या महाबळेश्वरच्या माकडांइतकेच निर्ढावलेले आहेत.

९. शाकाहारी असाल तर

उपाशी राहावे लागत नाही, पण विचारावे लागते. ‘गोट वॉटर’ हा बोकडाच्या मटणाचा रस्सा आहे, पेय नव्हे. ‘सॉल्टफिश’ म्हणजे खारवलेला मासा, तो न्याहारीत असतो. भातावरच्या कडधान्यातही कधी मांसाचा तुकडा पडतो. रास्ताफारी या जमैकातून पसरलेल्या पंथाच्या लोकांची ‘आयटल’ खाणावळ दिसली की निर्धास्त आत शिरावे, कारण तेथील जेवण साधारणपणे मांसाविना आणि मिठाचा हात आखडून केलेले असते. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला कोकणातला नीरफणस. तो तिथे निखाऱ्यावर भाजून देतात आणि आपल्या काचऱ्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. चिंचेचे गोड-आंबट गोळे प्रवासासाठी बांधून घ्यावेत.

१०. परतीचा दिवस

विमान दुपारपूर्वी असेल तर आदली रात्र सेंट किट्सवर काढावी. विमान संध्याकाळचे असेल तरी सकाळच्या पहिल्या बोटीने निघावे, कारण वारा वाढल्यास बोटी रद्द होतात. पूर्व कॅरिबियन डॉलरच्या उरलेल्या नोटा तिथेच खर्चून टाकाव्यात, भारतात त्या बदलून मिळणे कठीण असते. आमच्या उरलेल्या चौतीस डॉलरांची धक्क्यावरच्या एका बाईंकडून तिखट सॉसची बाटली आणि दोन पुड्या चिंचगोळे आले. बाटली मात्र हाताच्या पिशवीत ठेवू नये. आमची सुरक्षातपासणीतच राहिली.